येळवस आणि हीटरची कॉईल

अप्पांना लकवा झाला तेव्हा मी सोलापूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मल्लूकाकांचा निरोप आला तशी एका पिशवीत दोन ड्रेस कोंबून मी उमरग्याची एसटी धरली. अप्पांना बघायचं, अव्वाला, म्हणजे आईला, धीर द्यायचा आणि परीक्षेच्या आधी परतायचं, एवढंच डोक्यात होतं. माझी वळकटी, पुस्तकं, स्टोव्ह सगळं हॉस्टेलच्या कॉटखाली तसंच होतं. काही महिन्यांनी ते कुणीतरी पोत्यात बांधून मालट्रकनं घरी धाडून दिलं. अव्वानं पोत्याची शिवणसुद्धा उसवली नाही. "राहू दे वर," म्हणाली, आणि ते पोतं माळ्यावर गेलं. मी परत जाणार नाही हे घरात सगळ्यांना माझ्या आधीच ठाऊक झालेलं होतं.

आमचं घर हमरस्त्यापासून एक गल्ली आत. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक गावात शिरताना ब्रेकचे फुसकारे टाकत आणि गाव संपलं की गिअर बदलत निघून जात. लहानपणापासून तो आवाज अंगवळणी पडलेला, त्याच्यातच झोप लागायची. त्या वर्षी मात्र तो मला सोसेना. अंगणात धुणं वाळत घालताना मी नुसत्या आवाजावरून सांगायचे, हा सोलापूरकडं निघालाय, हा हैदराबादकडं. सगळे कुठं ना कुठं निघालेले. आमच्याकडं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तरी सांगून जावं लागे, कारण अप्पांजवळ एक माणूस सतत पाहिजे. अव्वा बाहेर तर मी आत, मी बाहेर तर अव्वा आत. अप्पांना सोडून दोघी मिळून गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेल्याचं मला त्या वर्षातलं आठवत नाही.

अप्पा बी-बियाणांचे व्यापारी. बोलण्यावर जगलेला माणूस. कर्नाटकातून आलेल्या कुणब्याशी कानडीत, गावातल्या गिऱ्हाईकाशी मराठीत, हैदराबादच्या माणसाशी दखनीत, आणि तिघं एकदम दुकानात असले तर तिन्हीत मिळून. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक शब्द तेवढा राहिला. 'चला.' भूक लागली तरी चला, नको असलं तरी चला, कुणी पाहुणा भेटायला येऊन रडायला लागला तर त्याच्याकडं बघून हळू आवाजात चला. समजत त्यांना सगळं होतं. डोळ्यांवरून दिसायचं की आत वाक्य तयार आहे, ओठापर्यंत आलंय, आणि बाहेर पडतं ते हेच. मग ते भिंतीकडं तोंड करायचे.

उजव्या हाताची मूठ दिवसेंदिवस आवळत चालली होती. नखं तळव्यात रुतायची, म्हणून अव्वा त्या मुठीत मऊ चिंधीची गुंडाळी सरकवून ठेवायची. सकाळी लिंगपूजेला ती त्यांच्या गळ्यातलं लिंग डाव्या तळव्यावर ठेवायची आणि उजवा हात स्वतःच्या हातात धरून त्याच हातानं विभूती लावायची, बेल वाहायची. पूजा त्यांचीच झाली पाहिजे, तिची नव्हे. आणि जेवण. डावा हात धडधाकट होता, पण डाव्या हातानं घास तोंडात घालायला अप्पा तयार नव्हते. चमचा पुढं केला तर ओठ मिटून घ्यायचे. त्यामुळं दोन्ही वेळा अव्वा भाकरी वरणात कुस्करून एकेक घास भरवायची. ते सावकाश खायचे. त्यांचं होईपर्यंत चूल विझलेली असायची, आणि मग आम्ही दोघी गार भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा घेऊन बसायचो.

आता गाडीबद्दल. अप्पांनी ती हैदराबादेहून जुनीच घेतली होती. आधीचा मालक फौजी अधिकारी, थंड मुलखात राहून आलेला, म्हणून तिला हीटर होता. आमच्या भागात गाडीला हीटर म्हणजे हसण्याची गोष्ट. अप्पा गिऱ्हाइकांना तो मुद्दाम दाखवायचे. घरात मुलगा नाही म्हणून म्हणा किंवा मला हौस म्हणून म्हणा, त्यांनी मला सास्तूरच्या शेतात, काढणी झालेल्या रानात गाडी शिकवली. चाक बदलणं, प्लग साफ करणं, पट्टा ताणून बघणं हे सगळं त्यांच्यासोबत करता करता आलं. ते आजारी पडल्यावर गाडी चालवणारी घरात मी एकटीच उरले. आठवड्यातून एकदा त्यांना सोलापूरला व्यायामाच्या डॉक्टरांकडं न्यायचं ते मीच. आठवड्यातला तेवढाच दिवस मी या घराच्या बाहेर असायचे, आणि तोही पुढच्या सीटवर अप्पा, मागं अव्वा, पायाशी पाण्याची बाटली आणि भांडं अशा सरंजामानिशी.

थंडी सुरू झाली तशी पहाटे निघताना अप्पांचे हाल व्हायला लागले. गार वारा लागला की उजवा हात छातीशी ओढला जायचा, मूठ दगडासारखी व्हायची आणि वेदनेनं कपाळावर घाम यायचा. एका सकाळी नळदुर्गच्या अलीकडं मला हीटरची आठवण झाली. इतक्या वर्षांत तो कुणी लावलाच नव्हता. मी खटका ओढला. आधी धूळ आली, मग कोंदट वास, मग ऊब. थोड्या वेळानं मागून अव्वा एकदम म्हणाली, "नंदे, हाताकडं बग त्यांच्या." गाडी कडेला घेतली. मूठ सैल झाली होती. चिंधीची गुंडाळी खाली पडली होती आणि बोटं मांडीवर उमलल्यासारखी पसरली होती. अव्वानं मागून हात लांब करून त्या तळव्यावर आपला तळवा ठेवला. मी समोर काचेतून रस्त्याकडं बघत बसले. आजकालच्या गाड्यांत एक बटण दाबलं की गरम, एक दाबलं की गार. माझा चुलत भाचा ते बटण बोटानं असंच खेळवत असतो. त्याला मी हे कधी सांगितलेलं नाही.

त्यानंतर दर खेपेला हीटर चालू. आणि जुन्या वस्तूचं व्हायचं तेच झालं. हीटर म्हणजे आत एक छोटी जाळी असते, मेकॅनिक लोक तिला कॉईल म्हणतात. इंजिनाचं कूलंट मिसळलेलं उकळतं पाणी तिच्यातून फिरतं आणि मागचा पंखा तिच्यावरून हवा ढकलतो. ती गंजलेली होती. आधी गाडीत काकवीसारखा गोडसर वास यायला लागला. मग काचेवर आतून तेलकट धुकं धरायला लागलं, कितीही पुसलं तरी. तो कशाचा वास ते आम्हाला कळेना. अव्वा म्हणाली, कुणीतरी मागं गूळ सांडला असेल.

एका खेपेला तुळजापूर फाट्याच्या पुढं अप्पा अचानक बोलायला लागले. "चला. चला. चला." थांबेचनात. मला वाटलं उशीर झालाय, डॉक्टर निघून जातील, म्हणून ते घाई करतायत. मी म्हणाले, "व्हय अप्पा, निघालोच आहोत," आणि गाडी आणखी जोरात सोडली. त्यांचा आवाज चढत गेला. अव्वा मागून त्यांच्या खांद्यावर थोपटत होती. सोलापूरला उतरवताना तिनं त्यांचा उजवा पाय धरला आणि लोकरी मोजा हाताला ओला, चटका बसेल इतका गरम लागला. मोजा काढला तर त्याच्यासोबत कातडी आली. डॅशबोर्डाखालून उकळतं पाणी थेंब थेंब त्या पावलावर पडत आलं होतं. त्या पायाला कळत होतं का, की पाण्याकडं बघून ते सांगत होते, हे मला आजही माहीत नाही. डॉक्टरांनी पट्टी बांधली. परतीच्या वाटेवर अव्वा त्यांच्याऐवजी माझ्याशेजारी बसली.

मल्लूकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. भूकंपानंतर सास्तूरला मिळालेल्या नव्या घरात राहायचे, रोज मोटरसायकलनं येऊन दुकान चालवायचे आणि शेतही बघायचे. अतिशय सरळ माणूस. त्यांनी पाय बघितला, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, गाडी काडून टाकू. येळवस झाली की हुमनाबादचा एक माणूस बघायला येतो म्हणालाय. अण्णाला सोलापूरला न्यायचं काम आता न्हाय. त्यो व्यायाम घरी बी करता येतोय."

"तुमाला ठीक वाटतंय तसं करा," अव्वा म्हणाली.

मी आत भांडी घासत होते. राख लागलेल्या हातांनी तशीच बाहेर आले आणि म्हणाले, "काका, पाणी गळायलंय ते एका कॉईलमधनं. ती बदलली की झालं."

"आन् बदलणार कोण?"

गाडी गेली की आठवड्यातला तो एक दिवसही जाणार, आणि त्यांच्या हाताची मूठ पुन्हा कधी उघडायची नाही. या दोन्ही गोष्टी मला एकदमच दिसल्या, आणि त्यातली कुठली मला जास्त टोचली ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी हमरस्त्यावर गफूरभाईंच्या गॅरेजला गेले. ते अप्पांचे जुने मित्र, पण काम ट्रकचं. "दोन पाईप एकमेकाला जोडून हीटर बंद करून टाकतो बेटी," म्हणाले. "गळती खलास. हीटर काय करायचाय आपल्याला?" मी मुठीचं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "कॉईल हैदराबादच्या भंगारात मिळंल, ट्रकवाल्याला सांगून मागवतो. पर डॅशबोर्ड खोलायचं काम मी घेत न्हाय. ट्रक लागलेत रांगेत. तू खोल. खोलायला अक्कल लागत न्हाय, सबूर लागती." कॉईल आली तेव्हा त्यांनी तिच्यासोबत पान्यांची एक पिशवीही धाडली.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या भागात दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, भाज्या-डाळी एकत्र शिजवलेली पातळसर भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, गव्हाची खीर. सकाळपासून गल्लीतून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, मोटरसायकली, डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेतलेल्या बाया, आणि मग दहा-अकरापर्यंत सगळं सामसूम. अप्पांना काळ्या ढेकळांत नेणं शक्य नव्हतं. पण पूजेला घरची बाई पाहिजे, म्हणून अव्वा काकांच्या मोटरसायकलवर बसून सास्तूरला गेली. जाताना आमच्यापुरती भज्जी आणि उंडे झाकून ठेवले. "दिवस मावळायच्या आत येते," म्हणाली. "त्यांना टायमावर खाऊ घाल." गाडीचं मी तिला सांगितलं नव्हतं. सुनं गाव मला बरं वाटलं. कुणी विचारायला येणार नव्हतं.

अंगणात गाडी उभी होती. बॅटरीची तार काढली, खालचा नळ सोडून पाणी घमेल्यात घेतलं, बोनेटखालून हीटरकडं जाणारे दोन रबरी पाईप ओढून काढले. मग पुढची डावी सीट सोडवून बाहेर आणली आणि उघड्या दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. अप्पांना आधार देत देत आणून त्याच सीटवर बसवलं. ऊन कोवळं होतं. ते आपल्या गाडीच्या सीटवर अंगणात बसून माझं काम बघत होते आणि खूप दिवसांनी त्यांचा चेहरा भिंतीकडं नव्हता. मी एकेक स्क्रू काढून वाटीत टाकायचे आणि त्यांना दाखवायचे. ते मान हलवायचे.

हीटरची पेटी डॅशबोर्डाच्या खाली आत, पत्र्याला नटांनी आवळलेली. मी पाठीवर पडून आत सरकले, डोकं गाडीच्या मध्याकडं, पाय दाराबाहेर. एकेक नट निघत गेला. शेवटचे दोन राहिले. एक पेटीच्या मागं, वर, जिथं दिसत काही नव्हतं, नुसतं चाचपून काढायचं. दुसरा दाराच्या बाजूला. मी उजवा हात पेटीच्या मागं कोपरापर्यंत घातला, नट सापडला, फिरवला, आणि तो निघताक्षणी पेटी त्या बाजूनं खाली आली. पेटीची कड आणि मागची लोखंडी पट्टी यांच्यामध्ये माझा हात सापडला. पाना निसटून दाराकडं घरंगळत गेला.

आधी दुखलं नाही. मी हात ओढला, तेव्हा कड आत शिरली आणि मग दुखलं. डाव्या हातानं पेटी उचलून बघितली, ती छातीवर इतकी जवळ आलेली की जोरच लागेना. दाराजवळचा तो एकच नट पेटीला धरून होता. तो सुटला की पेटी खाली येईल आणि हात मोकळा होईल हे मला दिसत होतं. बोटं त्याला टेकतही होती. पण पाना माझ्या पायांच्या पलीकडं पडलेला. मी हाका मारल्या. शेजारच्यांना, समोरच्यांना, गल्लीतल्या प्रत्येक घराचं नाव घेऊन. कुणीच नव्हतं. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, नेहमीसारखे, आणि त्यांतल्या कुणाला माझा आवाज जाण्याची सोय नव्हती. मनगटावरून काहीतरी कोमट ओघळून कोपरात साचत होतं. डोळ्यांवर डॅशबोर्डाचं काळं पोट, नाकात तोच काकवीचा वास. बोटांना मुंग्या यायला लागल्या, मग मुंग्याही थांबल्या.

तेव्हा मला रडू आलं, पण हातासाठी नव्हे. मला वाटलं, हे असंच आहे. आता उठले तरी काय, आज सुटले तरी काय. माझ्या आयुष्याचा हा एवढाच पत्रा आहे आणि तो माझ्या तोंडावर आलेला आहे.

"चला," बाहेरून आवाज आला.

"अप्पा, तुम्ही हलू नका," मी म्हणाले. "पडाल. अव्वा येईल आता." दुपारसुद्धा झाली नव्हती.

मग सीट सरकल्याचा आवाज आला आणि धप्प असं काहीतरी. मला माझ्या पायांपलीकडं काही दिसत नव्हतं. मी नुसतं ऐकत होते. फरशीवर कापड घासत होतं, थांबत होतं, परत घासत होतं. त्यांचा श्वास. मध्येच एक कण्हणं, भाजलेलं पाऊल घासलं असणार. मी "अप्पा, नको," म्हणत राहिले आणि ते घासणं जवळ येत राहिलं. मग माझ्या पायांवर त्यांचं वजन आलं. दाराच्या चौकटीत त्यांचं डोकं दिसलं, पांढरे खुंट, ओठांच्या कडेला लाळ, आणि धोतर धुळीनं भरलेलं.

"पाना," मी म्हणाले. "तुमच्याजवळच पडलाय."

डावा हात चाचपडत गेला आणि पाना घेऊन वर आला. त्या हातानं त्यांनी आजारपणात लिंग धरण्यापलीकडं काहीच केलं नव्हतं. पाना नटावर बसेना. बसला की निसटायचा. मी सांगत होते, "जरा वर. अजून. हां, तिथं." बसला. त्यांनी फिरवला तो उलट्या बाजूनं, पेटी वर ओढली गेली आणि माझ्या तोंडून किंचाळी निघाली. ते थांबले. त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते. मी दम खाल्ला. "दुसरीकडनं, अप्पा. तुम्हीच शिकवलंय मला. सावकाश." त्यांनी कपाळ माझ्या गुडघ्याला टेकवलं, थोडा वेळ तसेच राहिले, आणि मग दुसऱ्या बाजूनं फिरवायला लागले. थोडं थोडं. पाना काढायचा, परत बसवायचा, परत फिरवायचा. नट हलल्याची करकर ऐकू आली. आणि मग पेटी एकदम माझ्या बरगड्यांवर आली आणि हात मोकळा झाला.

मी पेटी ढकलून बाहेर आले. मनगटाच्या वर चांगलीच खोल चीर होती, आजही भाकरी थापताना तिथली कातडी ओढल्यासारखी होते. ओढणी घट्ट बांधली. अप्पांना उचलणं शक्यच नव्हतं. त्यांना गाडीच्या चाकाला टेकवून बसवलं आणि मीही शेजारी फरशीवर बसले. दोघांनाही धाप लागलेली. त्यांच्या गालावर ग्रीस लागलं होतं. मी पुसायला गेले तर ते आणखी पसरलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी आतून भज्जी आणि उंडे आणले. ताट मध्ये ठेवलं. माझा उजवा हात सुजून जड झालेला, बोटं मिटतच नव्हती. भरवायचं कसं या विचारात मी नुसती बसले. तेव्हा अप्पांनी डावा हात पुढं केला, उंडा फोडला, भज्जीत बुडवला. एवढं करायलाच त्यांना वेळ लागला. मला वाटलं ते स्वतः खाणार. त्यांनी तो घास माझ्या तोंडापाशी आणला. भज्जी त्यांच्या बोटांतून मनगटावर ओघळत होती. मी खाल्ला. मग त्यांनी दुसरा फोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला, चावला, माझ्याकडं बघत राहिले, जसं काही मी नावं ठेवतेय का बघत असावेत. मग मीही डाव्या हातानं खायला लागले. त्या येळवशीला आम्ही दोघं बापलेक चाकाला टेकून, डाव्या हातानं, ताट पुसून जेवलो.

अव्वा आणि काका आले तेव्हा ऊन उतरलं होतं. दारातून अव्वानं आधी ओढणीवरचं रक्त बघितलं, मग फरशीवर बसलेले अप्पा, मग रिकामं ताट. ती काही विचारण्याआधी अप्पांनी तिला डावा हात दाखवला. बोटांना भज्जी वाळून चिकटलेली होती. अव्वा खाली बसली आणि पदरानं तो हात पुसत राहिली, पुसून झाला तरी.

मल्लूकाकांनी मला दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले. वाटेत रागानं बोलत होते. "मरायचीच वेळ आली असती की गं. सांगायचं न्हाय व्हय कुणाला?" पण दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडून ते गाडीपाशी आले, बाह्या सावरल्या आणि म्हणाले, "सांग काय कुठं लावायचं." मी सांगत गेले, ते करत गेले. जुनी कॉईल बाहेर काढली तर खालच्या बाजूला हिरवट-पांढरं किटण धरून जाळी बोटानं मोडत होती. नवीन कॉईल पेटीत जरा ढिली बसायला लागली, म्हणून अव्वानं जुन्या घोंगड्याची पट्टी कापून दिली. पाईप चढवले, पाणी भरलं, इंजिन चालू करून हीटर उघडा ठेवला आणि खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरलं. आम्ही चौघं त्या कागदाकडं बघत बसलो. कागद कोरडाच राहिला. हुमनाबादचा माणूस आला तेव्हा काकांनी त्याला दुकानातूनच चहा पाजून परत पाठवलं.

यानं माझं सगळं बदललं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. माळ्यावरचं पोतं मीच पुढं कधीतरी उसवलं, तेव्हा पुस्तकांना वाळवी लागलेली होती. परीक्षा राहिली ती राहिली. अप्पा आणखी बरीच वर्षं होते, बोलणं आलं नाही, चालणं आलं नाही. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा त्यांची मूठ उघडायची आणि परत मिटायची. मी दुकानात बसायला लागले ते आजही तिथंच बसते. ट्रकचा आवाज मला पुन्हा सोसायला लागला, बहुतेक सवयीनं. मात्र आमच्या घरातला एक माणूस त्या थंडीत जरासा मोकळा झाला, आणि तो मी नव्हते, अप्पाही नव्हते.

अप्पा स्वतःच्या हातानं जेवायला लागल्यावर काही दिवसांनी मल्लूकाका म्हणाले, "वहिनी, एक दिवस भैनीकडं जाऊन या. अण्णाजवळ मी बसतो." अव्वाची बहीण आळंदच्या अलीकडं एका खेड्यात राहायची. अव्वा नको नको म्हणाली आणि मग सकाळी न्हाऊन, चांगलं इरकल नेसून, बहिणीसाठी शेंगाची पोळी बांधून दारात उभी राहिली. पुढं बसायची सवय नव्हती, मागंच बसली. गावाबाहेर पडलो. हवेत गारठा होता म्हणून मी हीटर लावला. ज्वारी पोटऱ्यात आलेली, दोन्ही बाजूंना हिरवंगार. मी तिला काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. आरशात बघितलं तर ती झोपली होती. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, पोळीचं गाठोडं मांडीवरून घसरलेलं. एवढ्या सगळ्या काळात मी तिला दिवसा डोळे मिटलेलं पाहिलं नव्हतं.

मावशीच्या गावाचा फाटा आला. तिथं डावीकडं वळायचं, पुढचा रस्ता खडबडीत, गचके बसणार. मी वळले नाही. वेग कमी केला आणि डांबरी रस्त्यानं सरळ जात राहिले. कर्नाटकाची हद्द कधीच मागं गेली होती, दुकानांवरच्या पाट्या कानडीत आल्या, माझ्या ओळखीची गावं संपली. बऱ्याच वेळानं मागं हालचाल झाली. अव्वानं पदर सावरला, बाहेर बघितलं.

"गाव मागं ऱ्हायलं काय गं?"

"व्हय. मघाशीच."

तिनं घसरलेलं गाठोडं परत मांडीवर घेतलं. मी गाडी वळवायला जागा बघायला लागले.

"असू दे," अव्वा म्हणाली. "आजून जरा ने."